रेझिनमधले खडे की तारेचं रत्नझाड?

कपाटावर, टीव्हीशेजारी किंवा दाराजवळच्या कोनाड्यात खड्यांची एखादी शोभेची वस्तू ठेवायची म्हटली की दुकानात कितीही फिरा, शेवटी दोनच प्रकार पुढ्यात येतात. पहिला म्हणजे पारदर्शक रेझिनमध्ये खड्यांचे तुकडे ओतून केलेला पिरॅमिड, घुमट किंवा गोळा. दुसरा म्हणजे भोक पाडलेले खडे तारेत ओवून, पीळ देऊन केलेलं झाड. किंमत आकारानुसार दोन्हींची साधारण सारख्याच पट्ट्यात फिरते, त्यामुळे निर्णय पैशांवर होत नाही. दिसायला दोन्ही छान. खरा फरक वस्तू घरात सहा महिने राहिली की कळायला लागतो, आणि दुकानदाराला त्याबद्दल विचारलं तर तो सहसा ‘काही होत नाही हो’ एवढंच म्हणतो.

ऊर्जेचा विषय आधीच बाजूला ठेवतो. पिरॅमिडच्या खोक्यावर हमखास दिसणारा ‘ऑर्गोन’ हा शब्द, म्हणजे एक कथित जीवनऊर्जा, विल्हेल्म राइश या मानसोपचारतज्ज्ञाचा. त्याच्या ऑर्गोन पेट्यांच्या विक्रीवर अमेरिकेत १९५४ मध्ये न्यायालयाने बंदी आणली, ती मोडल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये तो तुरुंगातच वारला. रेझिनमध्ये धातूचा कीस आणि स्फटिक घालायची टूम त्याच्या कितीतरी नंतरची. तिकडे झाडाच्या खोक्यावर ‘सात चक्रं’ आणि ‘धनवृक्ष’ असतंच. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर ठेवावं. मी इथे दोन्हींकडे फक्त शोभेची वस्तू म्हणून बघतोय.

यातला बराच माल गुजरातमधल्या खंबायतहून येतो. अकीक (अगेट) तापवून लाल करणं, घासणं, भोक पाडणं ही तिथली फार जुनी विद्या. जवळच्याच लोथलला हडप्पाकाळातला मणी घडवण्याचा कारखाना सापडला आहे. तेव्हा खड्यांच्या कामात तिथला हात पक्का असतो. रेझिनचं काम त्या मानाने नवं. एकाच दुकानात, एकाच किमतीला, एका पिरॅमिडचं रेझिन काचेसारखं टणक आणि शेजारच्याचं नखाने दबणारं, असं सर्रास दिसतं. झाडात इतकी तफावत मला तरी आढळत नाही. तारेचा पीळ सैल असेल तर तो डोळ्यांना दिसतो. रेझिन कच्चं असेल तर ते दिसत नाही.

कोणता खडा कुठे खुलतो

हा मुद्दा फारसं कुणी सांगत नाही आणि निवड बरीचशी यावरच अवलंबून असते. स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वाकतो त्याचं माप, १.५४ ते १.५५. घट्ट झालेल्या इपॉक्सीचा, म्हणजे या वस्तूंत ओततात त्या रेझिनचा, साधारण १.५ ते १.५७, म्हणजे जवळपास तोच. प्रकाश एकातून दुसऱ्यात जाताना फारसा वाकत नाही, कडांवरून चमकत नाही, आणि त्यामुळे पारदर्शक स्फटिक रेझिनमध्ये पाण्यातल्या बर्फासारखा हरवून जातो. दुधी स्फटिकाचं फक्त धुकं उरतं. गुलाबी स्फटिक फिकुटतो, हलका जांभळा ॲमेथिस्ट जेमतेम ओळखू येतो. ही कसर भरून काढायला कारागीर मागे सोनेरी वर्ख, तांब्याची चकती किंवा जीवनवृक्षाची जाळी घालतात. ते वाईट दिसत नाही, पण मग आपण खड्याचे पैसे देऊन वर्ख बघत बसतो.

उलट अपारदर्शक खडे रेझिनमध्ये फार देखणे होतात. लाजवर्द (लॅपिस लाझुली), लाल जॅस्पर, टायगर आय, हिरवा ॲव्हेंच्युरीन, काळा टुर्मलीन यांचा रंग ओल्या दगडासारखा गडद होतो. खड्यांवरचे ओरखडे, खळगे रेझिन भरून टाकतं आणि न घासलेला तुकडाही पॉलिश केल्यासारखा वाटतो. लाजवर्दमधले पायराइटचे सोनेरी ठिपके तर हवेपेक्षा रेझिनमध्येच जास्त उठून दिसतात. तेव्हा काळा, निळा, तांबडा असा गडद रंग हवा असेल तर रेझिनचं पारडं इथे सरळ जड आहे.

झाडात हे बरोबर उलटं चालतं. तिथे प्रत्येक खड्याभोवती हवा असते. स्फटिक, गुलाबी स्फटिक, सिट्रीन, मूनस्टोन यांच्या कडा लुकलुकतात, पाठीमागून खिडकीचा उजेड आला की पूर्ण झाड हलकं होऊन जातं. टायगर आयचं झाड मात्र लांबून तपकिरी गुंत्यासारखं दिसतं, ते मी तरी कुणाला सुचवणार नाही.

एक सावधगिरी दोन्हींना लागू आहे. ॲमेथिस्ट आणि काही गुलाबी स्फटिक कडक उन्हात वर्ष-दोन वर्षांत फिके पडतात. पश्चिमेच्या खिडकीत दोन्ही नकोत.

आत दगड किती?

पाया साडेसात सेंटिमीटर आणि उंची पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास, असा जो सर्रास मिळणारा पिरॅमिड आहे त्याचं घनफळ साधारण ९० घन सेंटिमीटर भरतं. इपॉक्सीची घनता १.१, स्फटिक जातीच्या खड्यांची २.६५. नुसतं रेझिन असेल तर वजन १०० ग्रॅम भरेल. खडे दाबून निम्मी जागा भरली असेल तर १७० ग्रॅमच्या आसपास. १३० भरलं तर समजायचं की खडे बाहेरच्या अंगाला चिकटवले आहेत आणि पोट रेझिनचं आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एवढ्यासाठी पुरतो. गोळा किंवा अंडाकृती असेल तर मापाच्या भांड्यात पाणी घेऊन बुडवावं. पाणी जितकं चढेल तितकं घनफळ. वजनाला घनफळाने भागलं की १.८-१.९ आलं तर माल भरलेला, १.३ आलं तर पोकळ थाट. तळाला शिशाची किंवा लोखंडाची चकती नाही ना, एवढं मात्र बघून घ्यावं.

झाडाचा हिशोब सोपा. पाच ते आठ मिलिमीटरचा खडा पाव ग्रॅमच्या आगेमागे असतो. वीतभर उंचीच्या झाडाला अडीचशे-तीनशे खडे लागतात, म्हणजे दगड भरतो ६०-७५ ग्रॅम. भरलेल्या पिरॅमिडात त्याच्या दीडपट-दुप्पट दगड असतो. ‘दगडाचे पैसे’ या हिशोबाने पिरॅमिड स्वस्त पडतो आणि झाडात आपण मजुरी विकत घेतो. मला त्यात काही गैर वाटत नाही, पण माहीत असावं.

खरं-खोटं तपासायचं तर झाड पुढे जातं, कारण खडा उघडा असतो. ॲमेथिस्ट, गुलाबी स्फटिक, ॲव्हेंच्युरीन, टायगर आय, कार्नेलियन, जॅस्पर हे सगळे कठिणतेने (खनिजांच्या १ ते १० या मोह्ज मापावर) ७ च्या जवळ, शिवणाच्या सुईने त्यांच्यावर ओरखडा उठत नाही. मागच्या बाजूच्या एखाद्या खड्यावर सुई घासून बघावी. फिरोजा म्हणून विकला जाणारा निळा खडा बहुतेक वेळा रंगवलेला हाउलाइट, म्हणजे एक स्वस्त पांढरा दगड असतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापसाचं टोक भिजवून खड्यावर फिरवलं आणि कापूस निळा झाला तर शंका उरत नाही. ‘ओपलाइट’ आणि तांबडा चकचकीत ‘गोल्डस्टोन’ या दोन्ही काचाच आहेत, सुंदर आहेत, पण खड्याच्या भावात घेऊ नयेत. रेझिनमध्ये गाडलेल्या खड्याची यातली एकही परीक्षा करता येत नाही. वरून रिमूव्हर लावला तर रेझिनचीच चमक जाते.

उन्हाळा आणि पावसाळा

घरच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या बहुतेक हौशी इपॉक्सींना ५० अंश सेल्सिअसच्या आसपास नरमपणा यायला लागतो. वितळत नाहीत, पण ‘बसतात’. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर ही वेळ येते. पिरॅमिड क्रोशाच्या रुमालावर ठेवलेला असेल तर तळाला क्रोशाची नक्षी उमटते, खालचं फेल्ट चिकटून बसतं, आणि टोक एखाद्या मिलिमीटरने झुकलं तरी पिरॅमिडात ते लगेच खुपतं. घुमटात किंवा गोळ्यात ते कळतही नाही, म्हणून रेझिनच घ्यायचं असेल तर गरम भागातल्या मंडळींनी टोकदार आकार टाळावेत.

पिवळेपणा सगळ्यांना ठाऊक आहे. अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळं पडतंच. यूव्ही स्थिरक घातलेलं रेझिन उशिरा पडतं. लाजवर्द किंवा टुर्मलीनच्या वस्तूत तो पिवळेपणा दिसतही नाही, पांढऱ्या स्फटिकात तो लिंबाच्या सरबतासारखा उठून दिसतो.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये ओतलेल्या रेझिनवर कधी कधी मेणचट, ढगाळ थर येतो. इपॉक्सीच्या हार्डनरमधली (घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागातली) अमाइन नावाची रसायनं हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून हा थर बनतो. सुदैवाने तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ स्पंज लावला की जातो. धुऊनही चिकटपणा राहिला तर मात्र मिश्रणाचं प्रमाणच चुकलेलं आहे आणि त्याला घरी उपाय नाही. दुकानात तळाला नख दाबून बघावं, खूण राहिली तर वस्तू परत ठेवावी.

झाडाचा पावसाळा तारेवर ठरतो. चुंबक सोबत न्यावा, फ्रिजवरचा चालतो. तार चिकटली तर ती सोनेरी मुलामा दिलेली लोखंडी तार आहे आणि मुंबईत-कोकणात पहिल्याच पावसाळ्यात पिळांच्या खाचांत गंज धरणार. तो गंज फिक्या खड्यांवर ओघळतो. पितळेची तार काळवंडते, तांब्याची तपकिरी होते आणि समुद्रकाठी हिरवट छटा घेते. तांब्याचं तपकिरी होणं मला आवडतं, खोडाला शोभतं. ज्यांना लखलखीत हवं त्यांनी इनॅमल केलेली तांब्याची तार मागावी, मोटर वाइंडिंगला वापरतात तीच जात. तिच्यावर लॅकरचा थर असल्याने वर्षानुवर्षं रंग टिकतो. काळवंडलेल्या पितळेला पितांबरी लावायचा मोह आवरावा, कारण पूड पिळांत अडकते आणि पांढरी होऊन तिथेच राहते.

शेवटी निर्णय धुळीने केला

इथपर्यंत पारडी जवळपास बरोबरीत आहेत, आणि खरं सांगायचं तर कागदावर रेझिन थोडं पुढेच असावं. गुळगुळीत, भरीव, फडकं फिरवलं की स्वच्छ. झाडाबद्दल सगळे पहिली शंका हीच काढतात की याची धूळ कोण काढणार? माझ्या अनुभवात नेमकं उलटं होतं, आणि त्याचं कारण रेझिनचा तो गुळगुळीतपणाच आहे.

घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे स्फटिकाचेच, बारीक कण असतात. त्यांची कठिणता ७. रेझिन त्यापुढे फारच मऊ. कोरडं फडकं पिरॅमिडवरून फिरवलं की ते कण रेझिनवर पॉलिश पेपरसारखे घासले जातात. एकदा पुसल्याने काही दिसत नाही. पण पिरॅमिड टीव्हीच्या रिमोटशेजारी असतो, घरात रोज झाडझूड होते, आणि ज्या फडक्याने टीपॉय पुसलं जातं तेच सहज त्याच्यावरूनही फिरतं. हळूहळू चारही सपाट बाजूंवर धुरकटपणा येतो. तिरप्या उजेडात बघितलं की फडकं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने गेलेल्या शेकडो केसासारख्या रेषा दिसतात. आतले खडे तेच, तितकेच सुंदर, पण मधली खिडकी खराब झालेली. पुसावं तितकं ते वाढतं. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, की स्वच्छ ठेवण्यानेच वस्तू बिघडते.

यावर बरोबर पद्धत आहे, नाही असं नाही. आधी नळाखाली धरून धूळ वाहू द्यावी, मग ओल्या मायक्रोफायबरने, साबणाचा थेंब घेऊन, दाब न देता टिपावं. सॅनिटायझर, काच पुसायचा फवारा, रिमूव्हर यांपैकी काही लावू नये. पण हे घरातल्या प्रत्येकाने, पुसायला येणाऱ्या मावशींनी, दिवाळीच्या साफसफाईत मदतीला आलेल्या भाचीने पाळावं अशी अपेक्षा करणं मला जरा अतीच वाटतं. गुळगुळीत वस्तू दिसली की माणूस ती पुसतो.

आलेला धुरकटपणा काढता येतो. पाण्याखाली ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १५००, २०००, ३००० असं चढत जायचं. प्रत्येक नंबरला दिशा काटकोनात बदलायची म्हणजे आधीच्या रेषा गेल्या की नाही ते कळतं. शेवटी गाडीच्या रंगाचं रबिंग कंपाउंड सुती कापडावर घेऊन चोळायचं. चार बाजूंचा पिरॅमिड नीट करायला एक दुपार जाते, आणि कितीही जपलं तरी कडा किंचित गोल होतात. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेच. कोरडं घासू नये, ओलंच घासावं, कारण रेझिनची भुकटी फुप्फुसांना बरी नाही.

झाडाला कुणी फडकं लावतच नाही. धजावतच नाहीत. फडक्याचे धागे तारेत अडकतात हे एकदा कळलं की हात आपोआप बाजूला होतो. त्यामुळे झाडावर धूळ बसते, भरपूर बसते, पण ती नुसती बसून राहते. खड्यांना ओरखडा नाही, कारण खडा धुळीइतकाच कठीण आणि घासणारं कुणी नाही. दोन-तीन महिन्यांनी झाड मळकट दिसायला लागलं की धुवायचं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होतं. पहिल्यासारखं म्हणजे खरोखर पहिल्यासारखं. रेझिनबद्दल हे म्हणता येत नाही.

धुण्याची रीत अशी. बादलीत चार-पाच लिटर कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा अर्धा चमचा. बैठकीला धरून झाड उलटं करायचं आणि फांद्या पाण्यात बुडवून मिनिटभर हलक्या हाताने गोल फिरवायचं. चोळायचं नाही, ब्रश नाही. देवघराजवळ ठेवलेल्या झाडावर समईची काजळी आणि धूळ मिळून चिकटा धरलेला असतो, तिथे पाच मिनिटं बुडवून ठेवावं. मग दोन स्वच्छ पाण्यांतून काढायचं. पाणी बोअरचं असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्यावं, नाहीतर गडद खड्यांवर क्षारांचे पांढरे डाग वाळतात. झटकून पंख्याखाली उलटं टांगून ठेवायचं, किंवा हेअर ड्रायरच्या थंड वाऱ्याने पिळांमधलं पाणी उडवायचं. ओल पिळांत राहिली तर तांबं तिथे आधी काळं पडतं.

पण हे कोणत्या झाडाला चालतं, ते महत्त्वाचं. सेलेनाइट, कॅल्साइट, मॅलकाइट, फिरोजा, पायराइट यांना पाणी नको. सेलेनाइट खरबरीत होतो, पायराइट गंजतो. खोड कागदी फ्लोरल टेपने गुंडाळलेलं असेल तर टेप सुटतो. आणि सगळ्यांत मोठा घोटाळा बैठकीत असतो. बाजारातल्या निम्म्याहून जास्त झाडांची बैठक म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा एमडीएफ, वर खड्यांचा चुरा चिकटवलेला. ती भिजली की फुगते, चुरा गळतो. अशा झाडाच्या फक्त फांद्या बुडवता येतात आणि त्यातही हात थरथरतो. बैठक अकीकच्या कापाची किंवा ॲमेथिस्टच्या गड्ड्याची, आणि खोड इपॉक्सीने बसवलेलं असं झाड घ्यावं. ग्लू गनने बसवलेलं ओळखायला सोपं: बुंध्याशी दुधी, रबरासारखा गोळा दिसतो आणि उन्हाळ्यात झाड डुलायला लागतं. डुललं तर उपटून एम-सीलने पुन्हा बसवावं, त्यात काही कठीण नाही.

ज्यांना दोन-तीन महिन्यांनी धुणंही नको त्यांनी काचेचं घंटेसारखं झाकण घालावं. ते लावलं तर धुळीचा प्रश्नच संपतो. फक्त झाडाला हवा मिळावी तशी उजेडालाही जागा हवी, म्हणून झाकण फांद्यांपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं असावं.

स्वतः करायचं म्हटलं तर

इथे दोन्हींचा कस लागतो आणि चुका वेगळ्या होतात.

वर सांगितलेल्या पिरॅमिडच्या साच्याला निम्मी जागा खड्यांनी धरली की रेझिन लागतं ४५ मिलिलिटर, वाया जाणारं धरून ५०. घनफळाने २:१ चं रेझिन असेल तर ३३ आणि १७. बाटलीवर प्रमाण वजनाचं आहे की घनफळाचं ते बघूनच मापावं, निम्म्या बिघाडाचं मूळ तिथे असतं. खडे धुऊन उन्हात कडक वाळवावेत, ओल राहिली तर खड्याभोवती धुकं येतं. भोक पाडलेले खडे इथे वापरू नयेत. भोकातली हवा तासाभराने बुडबुड्याच्या रूपाने वर यायला लागते, तोवर रेझिन घट्ट होत आलेलं असतं आणि बुडबुडा तिथेच गोठतो. खडे आधी थोड्या रेझिनमध्ये घोळवून मग साच्यात टाकले की बुडबुडे बरेच कमी होतात. साचा उलटा असतो, म्हणजे टोक खाली, तेव्हा सर्वांत सुंदर खडे आधी टाकायचे. पातळ थरासाठीचं जलद रेझिन एकदम जाड ओतलं तर स्वतःच्या उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, तडकतं. दोन-तीन थरांत ओतावं किंवा खोल ओतायचं मंद रेझिन घ्यावं. २४ तासांनी साच्यातून निघतं, पण पुरतं टणक व्हायला आठवडा लागतो. नायट्राइलचे हातमोजे आणि उघडी खिडकी हव्यातच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

झाडाला वास नाही, घाई नाही, मोजमाप नाही. २८ गेजची तार, भोक पाडलेल्या खड्यांची एक लड, आणि खोडासाठी १८ गेजच्या दोन-तीन तारा. ५०-६० सेंटिमीटर तार घ्यायची, मधोमध खडा, तार दुमडून दीड सेंटिमीटर पीळ. मग एका टोकात पुढचा खडा, पुन्हा पीळ. सात-आठ खड्यांची एक डहाळी होते. अशा पस्तीसेक डहाळ्या, त्यांच्या पाच-सहा फांद्या, फांद्या जाड तारांभोवती गुंडाळून खोड. इथे बिघडतं ते पिळात. तांब्याची तार जितकी पिळावी तितकी ताठर होत जाते आणि जास्त झालं की खड्याच्या गळ्याशीच तुटते. पीळ सारखा दिसायला लागला की थांबावं, ‘अजून एक’ फिरवू नये. खड्याच्या भोकाची कड धारदार असेल तर तार तिथे कापली जाते. असे खडे आधीच बाजूला काढावेत. चुकलं तर एक डहाळी फेकून दुसरी करता येते. पिरॅमिड चुकला तर आख्खा जातो, आतल्या खड्यांसकट.

तरीही रेझिन कुणी घ्यावं

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर रेझिनच बरं. झाडाचा खडा उपटून तोंडात जाऊ शकतो, तारेची टोकं बोचतात, आणि मांजराला ते झाड म्हणजे खेळणं वाटतं. कागदांवर वजन म्हणून ठेवायला, ऑफिसच्या टेबलावर ठेवायला रेझिनचा घुमट झकास. भेट कुरियरने पाठवायची असेल तरी रेझिन. झाड खोक्यात चपटं होतं, फांद्या उघडाव्या लागतात, आणि दर उघडण्यागणिक तार थोडी कमकुवत होते. गडद खड्यांचं वेड असेल तर रेझिन, हे वर आलंच. समईपासून मात्र दोन्ही लांब ठेवा, रेझिन तर जरा जास्तच लांब, कारण ते पेट घेऊ शकतं.

बाकी घरांसाठी, जिथे वस्तू एका जागी राहणार आहे आणि रंग फिका, पारदर्शक हवा आहे, तिथे मी झाडाकडे झुकेन. तुमच्या घरी फडकं जपून फिरत असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं, ते मान्य.

हल्ली तिसराही प्रकार दिसतो: रेझिनच्या गोल बैठकीत खड्यांचा चुरा आणि त्यावर उभं झाड. बैठक पाण्याला भीत नाही, हा त्याचा मोठा गुण. तिची सपाट कड धुरकट झाली तरी फांद्यांच्या सावलीत ती फारशी दिसत नाही. घेताना खोड रेझिन ओतण्याआधी आत रोवलेलं आहे की नंतर वरून चिकटवलेलं, एवढं बघा. बैठक उलटी करून उजेडाकडे धरली की तारा आत मुळांसारख्या फाकलेल्या दिसायला हव्यात. तशा दिसल्या नाहीत तर बुंधा दोन बोटांत धरून हलकंच हलवा आणि हलला तर शेजारचं उचला.